कंपनी उतरणीला लागली आहे, नोकरी सोडावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा ठिकाणच्या खासगी कारखान्यांत आणि त्यांच्या ऑफिसांत काम करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माझी बरीच नोकरी टाइम ऑफिस आणि पेरोलमध्ये गेली, त्यामुळे उत्तरं त्या खिडकीतून दिलेली आहेत. आयटीवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. कायद्याचे मुद्दे अंदाज यावा इतपत सांगितले आहेत. प्रकरण हातघाईवर आलं असेल तर कामगार कायद्याचा वकील गाठा.

कंपनी खरंच बुडतेय की नुसती मंदी आहे, हे कसं ओळखायचं?

साहेबांच्या भाषणावरून ओळखता येत नाही. बुडत्या कंपनीत भाषणं उलट जास्त होतात.

मंदीत ओव्हरटाइम बंद होतो, कंत्राटी पोरं कमी होतात, तीन शिफ्टच्या दोन होतात, आठवड्यातून एखादा दिवस ले-ऑफ (काम नाही म्हणून सुट्टी) मिळतो. पण देणी वेळेवर जात असतात. वाहन उद्योगात असे फेरे दर काही वर्षांनी येतात आणि जातात.

खरी घसरण स्टोअर्स आणि पर्चेसमध्ये आधी दिसते. नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देणारा स्टीलवाला 'आधी पैसे टाका, मग गाडी रिकामी करतो' म्हणू लागतो. जॉबवर्क करणारे छोटे व्हेंडर रिसेप्शनला येऊन बसतात, आणि त्यांना चहा पाजून परत पाठवण्याचं काम एखाद्या ज्युनिअरवर येतं. कॅलिब्रेशन, एएमसी (मशीनच्या वार्षिक देखभालीचे करार), सुरक्षेची साधनं यांवरचा खर्च गुपचूप थांबतो. आणि अकाउंट्समधली जुनी माणसं कारण न सांगता सोडून जातात. शॉपफ्लोअरवर निरोप पोहोचायच्या कितीतरी आधी अकाउंट्सला सगळं ठाऊक असतं.

एक खूण मी सगळ्यात वर ठेवतो. ऑर्डर नाहीत म्हणून मशीन बंद असेल तर ती मंदी असू शकते. ऑर्डर आहेत, पण कच्चा माल आणायला पैसे नाहीत म्हणून मशीन बंद असेल तर प्रकरण गंभीर आहे, कारण आता ग्राहकही दुसरा पुरवठादार शोधणार.

कंपनी धडधाकट असताना तुमचा प्लांट बंद होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. बजाज ऑटोने आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबवलं तेव्हा कंपनी बुडत नव्हती, गाड्या दुसऱ्या प्लांटमध्ये बनत होत्या. नवी मशिनरी, नवी मॉडेल कुठे जात आहेत, तिकडेही बघा.

हे कागदावर कुठे तपासता येतं?

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कोणत्याही कंपनीची दाखल झालेली कागदपत्रं शंभर रुपये भरून पाहता येतात. प्रायव्हेट लिमिटेड असली तरी. ताळेबंदाच्या आधी ऑडिटरचा अहवाल वाचा. त्यात 'गोइंग कन्सर्न' या शब्दांभोवती शंका व्यक्त केली असेल, तर कंपनी पुढचं वर्षभर चालेल याची ऑडिटरला खात्री वाटत नाही. ऑडिटरने मुदत संपण्याआधी राजीनामा दिला असेल तर तेही तिथे दिसतं. बँकांचे 'चार्ज' बघा: नवं कर्ज कोणाकडून आणि कशावर उचललंय ते कळतं. क्रिसिल, इक्रा, केअर यांची रेटिंग वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. रेटिंग एकदम 'डी'वर आलं असेल तर बँकेचे हप्ते थकले आहेत. आणि एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं जिथे चालतात तो राष्ट्रीय लवाद, त्याच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून बघा, एखाद्या सप्लायरने अर्ज केलेला असला तर तिथे सापडतो.

या कागदांची एकच अडचण आहे, ते शिळे असतात. मार्चचा ताळेबंद दिवाळीच्या सुमारास दिसतो.

पगार दहा-पंधरा दिवस उशिरा होतोय. थांबू का?

या पानावरचं सगळं या एका प्रश्नापाशी येतं, म्हणून जरा सविस्तर.

पगार थकला त्या दिवसापासून तुम्ही नोकरदार आणि सावकार असे दोन्ही झालात. महिनाभर काम केलंत आणि पैसे मिळाले नाहीत, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही कंपनीला उसनी दिलीत; बिनव्याजी, बिनतारणी. बँकेने देताना मशिनरी आणि जमीन लिहून घेतली, तुम्ही काहीच घेतलं नाही. तेव्हा 'नोकरी सोडू का' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'या कंपनीला मी माझ्या खिशातून कर्ज देईन का' असं स्वतःला विचारा. उत्तर बहुधा लगेच येतं.

एक वही करा. दर महिन्याच्या पंधरा तारखेनंतर चार आकडे लिहा: थकलेला पगार, न भरलेला पीएफ, शिल्लक रजेचे पैसे, आणि ग्रॅच्युइटीची रक्कम (ती बाहेरच्या फंडात नसेल तर). चौघांची बेरीज म्हणजे तुमची कंपनीकडे अडकलेली रक्कम. पगार उशिरा येतोय पण बेरीज महिनोन्‌महिने तेवढीच राहिली, तर कंपनी ओढाताण करून का होईना, निभावते आहे. बेरीज सलग तीन महिने वाढली, तर माझ्या मते निर्णय झालेला आहे. उरला फक्त निघायचा दिवस.

'अर्धा पगार आत्ता, अर्धा नंतर' ही पद्धत सुरू झाली की माणसं सुस्कारा टाकतात. अर्ध्याने घर कसंबसं चालतं, म्हणून कोणी हलत नाही, आणि उरलेल्या अर्ध्याचा ढीग साठत जातो. पूर्ण थकलेल्या एका महिन्यापेक्षा हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

पीएफ कापतात पण भरत नाहीत, असं कसं कळेल?

यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) टाकून पासबुक उघडा. मागच्या महिन्याचा पीएफ या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पासबुकात नोंद दिसायला थोडे दिवस लागतात, पण दोन महिन्यांची जागा रिकामी असेल तर विचारणा कराच. तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा साधा उशीर नाही, कायद्याने तो फौजदारी विश्वासघातात मोडतो. तक्रार ईपीएफओच्या (पीएफ संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर करता येते. अनेकजण नाव उघड होईल म्हणून घाबरतात. अशा वेळी युनियनमार्फत किंवा पाच-दहा जणांनी मिळून करा.

टीडीएस कापला आणि सरकारात भरलाच नाही तर? माझ्यावर नोटीस येईल का?

येऊ शकते, पण पगारातून कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, ही कायद्यातली तरतूद आहे. किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांवर हीच वेळ आली होती: पगारातून कर कापला, सरकारजमा झाला नाही. विमानं २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली, लोक मात्र पुढची काही वर्षं आयकर खात्याशी पत्रव्यवहार करत बसले. पुरावा लागतो तो पगारपत्रकांचा आणि बँक स्टेटमेंटचा. २६एएस (तुमच्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण) दर तिमाहीला बघत जा.

ग्रॅच्युइटी बुडते का?

आधी हिशोब. शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. चाळीस हजार बेसिक-डीए आणि बारा वर्षं नोकरी असेल तर सुमारे २ लाख ७७ हजार. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. पाच वर्षं सतत नोकरी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या कामगाराला मात्र एका वर्षानंतरही हक्क मिळतो. शिवाय भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता वेतनात धरायचा आहे, त्यामुळे ज्यांचं बेसिक मुद्दाम बारीक ठेवलं होतं त्यांचा आकडा वाढू शकतो.

एचआरला सरळ एक प्रश्न विचारा: आपली ग्रॅच्युइटी एलआयसीच्या ग्रुप स्कीमसारख्या फंडात भरली जाते, की फक्त ताळेबंदात तरतूद म्हणून लिहिली जाते? फंडात असेल तर तो पैसा कंपनीच्या तिजोरीबाहेर आहे. नुसती तरतूद असेल तर तो कागदावरचा आकडा आहे आणि कंपनी चालू असेपर्यंतच त्याला वजन आहे. एचआर आढेवेढे घेऊ लागला तर उत्तर मिळालं असं समजा.

पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिनेच उरले असतील आणि पगार येत असेल, तर थांबा.

व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) जाहीर झाली आहे. घ्यावी का?

बीएसएनएलची २०१९ ची योजना डोळ्यांपुढे ठेवू. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा, असं सूत्र होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी होती. सुमारे ७८ हजार लोकांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० ला ते बाहेर पडले. तिथे पैसे देणारं सरकार होतं. खासगी कंपनीत सूत्र वेगळं असेल, पण हिशोबाची रीत हीच.

समजा चोवीस वर्षं झाली, आठ उरली, बेसिक-डीए ४५ हजार. ३५ गुणिले २४ म्हणजे ८४० दिवस, २५ गुणिले ८ म्हणजे २०० दिवस. एकूण १,०४० दिवस. दिवसाचे १,५०० धरले तर १५ लाख ६० हजार. म्हणजे साधारण पस्तीस महिन्यांचा पगार. आता प्रश्न सोपा झाला: ही कंपनी आणखी पस्तीस महिने वेळेवर पगार देईल असं वाटतं का? वाटत नसेल तर घ्या. (महिना ३० ने भागलाय की २६ ने, हे सर्क्युलरमध्ये नीट वाचा. २६ ने भागला तर तोच माणूस जवळपास अठरा लाखांवर जातो. करारात युनियन याच एका आकड्यावर भांडते, ते उगीच नाही.)

'पहिली नको, दुसरी योजना जास्त चांगली येईल' असा सूर कँटीनमध्ये हमखास ऐकू येतो. भरभराटीतली कंपनी माणसं कमी करत असेल तर कधी तसं होतंही. उतरणीवरच्या कंपनीत पहिल्या योजनेच्या वेळी निदान जमीन विकलेले पैसे हातात असतात. दुसऱ्या वेळी काय विकणार?

पैसे हप्त्याने देणार असतील तर पहिला हप्ता किती, यावरच निर्णय घ्या. बाकीचे हप्ते म्हणजे पुन्हा तुम्ही दिलेली उसनवारी. पाच लाखांपर्यंतची व्हीआरएसची रक्कम अटींसह करमुक्त असते, पण आयुष्यात एकदाच.

कंपनी एनसीएलटीत गेली. आता सगळं संपलं का?

नाही. उलट एक विचित्र गोष्ट होते. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की कारभार मालकाकडून रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या (प्रक्रियेसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या) हाती जातो, आणि कंपनी चालू ठेवली असेल तर त्या काळात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा पगार प्रक्रियेच्या खर्चात धरला जातो. हा खर्च सगळ्यांच्या आधी फेडायचा असतो. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. घरी बसून असलेल्यांना मात्र तो लाभ दिला नाही. म्हणजे एनसीएलटीच्या आधीचे थकीत महिने जास्त धोक्याचे, नंतर केलेलं काम तुलनेने सुरक्षित.

आधीच्या थकबाकीसाठी दावा भरावा लागतो. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, मराठी पेपरातही. कामगार-कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी असतो. कंपनीकडे आपली नोंद आहेच, असं म्हणून बसू नका, भरा.

कंपनी विकून टाकायची वेळ आली तर रांग अशी: प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी, आणि त्याच्या खाली कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची. मॅनेजरसाहेब, तुम्ही खालच्या पायरीवर आहात. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातला पैसा या रांगेत येत नाही, तो वेगळा राहतो.

वेळ किती लागतो? जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा अपील लवादाचा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाने तो जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं. कायद्यात प्रक्रियेची मुदत ३३० दिवस लिहिलेली आहे. आदेश बाजूने लागला तरी मधल्या वर्षांत घर चालवायला दुसरा पगारच लागतो.

एचआर म्हणतो, 'राजीनामा लिहून द्या, हिशोब लगेच करू.' देऊ का?

तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर द्या. ते काढत असतील तर नको. नोकरकपात झाली तर कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मिळते. राजीनामा दिलात की हा हक्क गेला. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगीही लागते. म्हणून तर राजीनामे 'गोळा' केले जातात.

पदनामावर जाऊ नका. 'असिस्टंट मॅनेजर' लिहिलेला माणूस दिवसभर मशीनवर काम करत असेल तर तो कामगार ठरू शकतो. प्रत्यक्ष काम काय, यावर ते ठरतं.

फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, असं नवी वेतन संहिता सांगते. कागदावर.

कामगार पतसंस्थेचं काय?

हा प्रश्न कोणी विचारत नाही. मीच घातलाय, कारण लोक इथे फसतात.

कारखान्याच्या पतसंस्थेत तुमचे शेअर्स आणि ठेवी असतात, कर्ज असतं, आणि मुख्य म्हणजे तुम्ही दोन-तीन मित्रांना जामीन असता. कर्जाचा हप्ता पगारातून कापून येतो, म्हणून संस्था चालते. पगार थांबला की वसुली थांबते. कंपनीने पगारातून कापलेला हप्ता संस्थेला दिलाच नाही, असंही होतं. मग संस्था वसुली दाखला मिळवते आणि कर्जदार गावी निघून गेला असेल तर जामीनदाराच्या मागे लागते. तुम्ही नव्या नोकरीत, आणि तिथल्या पगारावर जप्तीचा कागद.

तेव्हा निघायचा विचार मनात आल्या आल्या संस्थेत जा, आपण कोणाकोणाला जामीन आहोत आणि त्यांची बाकी किती, हे लेखी घ्या. तुमचं कर्ज असेल तर शेअर्स-ठेवी वळती करून जितकं फिटेल तितकं फेडा. मित्राला जामीनदार बदलायला सांगणं अवघड जातं, खरंय. तरी सांगा.

दुसरी नोकरी हातात नसताना सोडू का?

पगार येत असेल तर नको. नोकरीत असलेल्याला नोकरी लवकर मिळते, हा बाजाराचा अन्याय आहे पण आहे. पगार तीन महिने पूर्ण बंद असेल तर मात्र रोज तिथे जाऊन बसण्यात गाडीखर्चही निघत नाही. तेव्हा लेखी थकबाकी मागा, मेल करा, आणि बाहेर पडा. तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडची भीती दाखवतील. स्वतः पगार थकवलेल्या कंपनीचा आग्रह तिथे लुळा पडतो. तरीही रिलीव्हिंग लेटरसाठी बोलून, तडजोडीने निघणं बरं.

मी पन्नाशीला आलोय. मला कोण घेणार?

तुमच्याच कंपनीचे व्हेंडर आणि ग्राहक. टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटी, डिस्पॅचमधला अनुभवी माणूस छोट्या कारखान्याला हवा असतो, फक्त पगार कमी बसतो. तिसाव्या वर्षी नोकरी शोधताना जाहिरात बघतात, पन्नाशीत फोन करायचे असतात. ते फोन कंपनी चालू असताना करा. गेट बंद झाल्यावर तुमच्यासोबत आणखी दोनशे जण त्याच दहा मालकांना फोन लावत असतात.

ज्यांची पीएफ-पेन्शनची दहा वर्षं भरत आली आहेत त्यांनी तो आकडा तपासावा, पण त्यासाठी इथेच थांबायची गरज नाही. पीएफ काढून न टाकता नव्या नोकरीत ट्रान्सफर केला तर सेवा जोडली जाते.

मालकांनी अडचणीत मला मदत केली होती. आता सोडून जाणं बरं दिसतं का?

मुलीच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला ॲडव्हान्स दिलेले मालक मीही पाहिलेत, आणि त्यांच्यासाठी शेवटपर्यंत थांबलेली माणसंही. उपकाराची जाण ठेवायला माझी हरकत नाही. त्याची रक्कम मात्र ठरवा. दोन महिने पगाराशिवाय काम करून फेडायचं ठरवलंत तर दोन महिने करा, आणि हे पैसे परत येणार नाहीत असं धरून करा. घरच्यांना विचारून. सांभाळून घेऊ म्हणत वर्ष काढलं तर मालकाचंही भलं होत नाही. तोवर त्याने स्वतःचं घर बायकोच्या नावावर केलेलं असतं.

थांबणं कधी शहाणपणाचं?

नवा मालक पैसे घेऊन आलाय आणि त्याने आधी व्हेंडरची देणी दिली, तेव्हा. व्हीआरएस पुढच्या काही आठवड्यांत नक्की येते आहे आणि पगार चालू आहे, तेव्हा. वय कमी आहे, घरची जबाबदारी नाही, आणि माणसं गेल्यामुळे एरवी दहा वर्षांनी मिळालं असतं असं काम आज मिळतंय, तेव्हाही. अशा पडझडीत तयार झालेले इंजिनिअर पुढे फार चांगले निघतात. पण वहीतली बेरीज त्यांनीही लिहायचीच.

इंटरव्ह्यूत काय सांगू?

'ऑर्डर कमी झाल्या, प्लांटचं भविष्य दिसत नाही.' एवढंच. एमआयडीसीत कोणाची अवस्था काय आहे ते समोरच्याला तुमच्याआधी माहीत असतं. मालकाला शिव्या घालू नका आणि जुना पगार फुगवून सांगू नका, स्लिप मागतात.

निघण्याआधी काय काय हातात हवं?

नेमणूक पत्र, पगारवाढीची पत्रं, सगळी पगारपत्रकं, फॉर्म १६, रजेची शिल्लक. कंपनीच्या मेलवर असेल ते आजच स्वतःच्या मेलवर घ्या, कारण आयटीचं बिल थकलं की सर्व्हरच बंद होतो. ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, दरपत्रकं मात्र घेऊ नका. तो कंपनीचा माल आहे, आणि उद्या तुमचा हिशोब अडवायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. किंवा त्याआधीच, हप्ता भरला नसेल तर. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि प्रतीक्षाकाळाचं श्रेय मिळू शकतं, पण अर्ज आधी करावा लागतो. घरात आई-वडील कव्हर असतील तर हे काम पहिलं करा.

यूएएनला स्वतःचा मोबाइल, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळते का, हे एचआरमध्ये माणूस शिल्लक असतानाच दुरुस्त करून घ्या. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटचा पीएफ जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हाला स्वतः टाकता येते.